शिबिराचं मशीन, दुकानाचं मशीन आणि अर्धवट रिपोर्ट

पुण्यातल्या धायरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देत आहोत.

"माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. भोसरीला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग करतात तो विभाग) ३० वर्षं नोकरी झाली. गेली चार-पाच वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. टीव्ही शेजारच्यांना ऐकू जाईल इतका मोठा लागतो. आपण काही म्हटलं की म्हणतात, 'मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.' मागच्या महिन्यात एका दुकानात त्यांची मोफत तपासणी केली. रिपोर्टवर उजवा कान ५४, डावा ५९ असं लिहिलंय. लाल गोल आणि निळ्या फुल्यांचा आलेख आहे, तो डावीकडे ३५ च्या आसपास सुरू होऊन उजवीकडे ८० पर्यंत उतरत गेलाय. दुकानाने कानाच्या मशीनची १ लाख ७० हजारांची जोडी सांगितली, सूट रविवारपर्यंतच. इकडे आमच्या प्रभागात ज्येष्ठांना मोफत मशीन देणार म्हणून नावं लिहून घेतली आहेत. दिरांनी तर १,५०० रुपयांचं मशीन ऑनलाइन मागवूनही टाकलं. आबांना पेन्शन २,९०० रुपये, बाकी घर यांच्या पगारावर चालतं. यातलं काय घ्यावं?"

ताई, रविवार खुशाल जाऊ द्या. श्रवणयंत्रांवरची सूट दसऱ्याला असते, पाडव्याला असते आणि मधल्या दिवसांत 'खास तुमच्यासाठी' असते. तुमच्या हातात जो कागद आहे त्यावरून अजून कुठलंच मशीन ठरवता येत नाही, फुकटचंही नाही आणि पावणेदोन लाखांचंही नाही. तो रिपोर्ट अर्धा आहे.

आधी ५४ आणि ५९ म्हणजे काय ते पाहू. हे टक्के नाहीत. "बाबा ५४ टक्के बहिरे" असं पुष्कळ घरांत म्हटलं जातं, ते चूक. हे डेसिबल आहेत. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंतच्या, चार पट्ट्यांत आबांना जो कमीत कमी आवाज जेमतेम ऐकू आला, त्याची ही सरासरी. २५ पर्यंत ठीक, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यमपेक्षा जास्त, ७१ च्या पुढे तीव्र अशी ढोबळ वर्गवारी आपल्याकडे वापरतात. पण आबांच्या बाबतीत सरासरीपेक्षा उतार महत्त्वाचा आहे. खालच्या, जाड आवाजांत ३५-४० डेसिबलचीच हानी आहे आणि वरच्या, बारीक आवाजांत ८० पर्यंत. मराठी बोलण्यातले स्वर जाड पट्ट्यात असतात. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांची धार बारीक पट्ट्यात. म्हणून तुमचा आवाज त्यांना ऐकू येतो, फक्त शब्द तुटतात. 'साठ' मधला स गळला की 'आठ' उरतं, आणि भाजीवाल्याशी वाद होतो. तेव्हा "तुम्हीच पुटपुटता" ही त्यांची तक्रार खोटी नाही, त्यांच्या कानाला खरोखर तसंच ऐकू येतं. प्रेस शॉपच्या गोंगाटात ३० वर्षं काढलेल्या माणसाचा असा आलेख निघणं अगदी अपेक्षित आहे, वयाचा भाग त्यात वेगळा.

आता रिपोर्टमध्ये काय नाही ते. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, आणि दोन्ही हेडफोनमधून घेतलेले आकडे. याला एअर कंडक्शन म्हणतात. याच आलेखावर कोनासारख्या किंवा चौकोनी कंसासारख्या खुणाही असायला हव्यात. कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून जी तपासणी होते, त्या बोन कंडक्शनच्या त्या खुणा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. हाडातून चांगलं ऐकू येतं आणि हवेतून कमी, दोन्हींत १० डेसिबलपेक्षा जास्त अंतर, असं निघालं तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी, मधल्या कानातलं हाड जखडलेलं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध किंवा शस्त्रक्रिया असते, मशीन हा पहिला उपाय नसतो. बोन कंडक्शन न करता मशीन सुचवणं म्हणजे चष्म्याचा नंबर काढण्याआधी काच विकणं. एवढ्या एका गोष्टीसाठीही त्या दुकानाला नमस्कार करायला हरकत नाही.

पूर्ण तपासणी पुण्यात मिळायला अवघड नाही. स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात सकाळच्या ओपीडीत कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढला की नाममात्र खर्चात होते. गर्दी आणि थांबणं धरून चाला, ऑडिओमेट्रीची, म्हणजे या तपासणीची, तारीख पुढची मिळू शकते. औंधचं जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचारांना शुल्क नाही. तिथे त्या दिवशी ऑडिओमेट्री चालू आहे का, एवढं आधी विचारून मगच रिक्षात बसा. तुम्हाला सगळ्यात सोयीचं धनकवडीचं भारती विद्यापीठ. तिथे ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, शिकवणारा स्वतंत्र विभाग आहे. शिकाऊ मुलं तपासतात, वर शिक्षक असतात. वेळ जास्त लागतो, पण घाईने उरकलेल्या चाचणीपेक्षा हे बरं. खासगी ऑडिओलॉजिस्टकडे साध्या ऑडिओमेट्रीला काही शे रुपये पडतात. तिथे नावापुढे बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. नुसता 'हिअरिंग एड एक्सपर्ट' हा फलक पात्रता सांगत नाही.

जाण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. एक, आधी डॉक्टरांकडून कान पाहून मळ काढून घ्या. मळाने कान पूर्ण बंद झालेला असेल तर २०-३० डेसिबलचा फरक नुसत्या त्यानेच पडू शकतो. घरी काडी, किल्ली, हेअरपिन काही नको, आणि कोमट तेलही नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं. आबांना तयार करायलाही हा मळ उपयोगी पडेल. "तुम्हाला ऐकू येत नाही, चला" म्हटलं तर ते येणार नाहीत. "मळ झालाय का बघून येऊ" म्हटलं तर बहुधा येतील. दुसरं, चाचणीच्या आधीचे १४-१६ तास मोठ्या आवाजापासून लांब. गणपतीच्या दिवसांत तर ढोल-ताशाची मिरवणूक पाहून दुसऱ्या दिवशी ऑडिओमेट्रीला बसूच नये. कान तात्पुरते दमलेले असतात, आलेख खोटा वाईट येतो आणि त्यावर लावलेलं मशीन जास्त जोराचं ठरतं.

चाचणी स्वतः अर्ध्या-पाऊण तासाची. आवाज रोखणाऱ्या खोलीत बसवतात. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बाहेर पीएमपी बसचे हॉर्न चालू असताना घेतलेली चाचणी धरू नका. बाहेरच्या गोंगाटात बारीक-सारीक आवाज बुडतात आणि हानी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आबांना एकच सांगून ठेवा: आवाज अगदी पुसट, 'आला की नाही' असा वाटला तरी बटण दाबायचं. पुष्कळ वयस्क मंडळी खात्री होईपर्यंत थांबतात आणि दहा-पंधरा डेसिबल फुकट गमावतात.

यानंतर शब्दांची चाचणी होते, आणि मशीन घ्यायचं असेल तर हीच सगळ्यात मोलाची. तिचे दोन भाग. पहिल्यात, शब्द जेमतेम ओळखता येतील अशी पातळी काढतात. ती ऑडिओग्रामच्या, म्हणजे वरच्या आलेखाच्या, सरासरीच्या १० डेसिबलच्या आत यायला हवी. तशी आली नाही तर दोन्हींपैकी एक चाचणी बिघडली आहे, पुन्हा करून घ्या. दुसऱ्या भागात आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात २०-२५ शब्द म्हणून दाखवतात आणि किती बरोबर सांगितले त्याचे टक्के काढतात. हे खरे टक्के. ८०-९० आले तर आवाज वाढवून दिला की आबांना बोलणं समजेल, मशीनचा चांगला उपयोग होईल. ५० च्या खाली आले तर पावणेदोन लाखांचं मशीनही शब्द स्पष्ट करून देणार नाही. ते आवाज पोचवेल, उलगडण्याचं काम नसेचं आणि मेंदूचं. हे घेण्याआधी कळलेलं बरं. शब्द मराठीच हवेत, हे बजावून सांगा. हिंदी किंवा इंग्रजी यादी लावली तर आबांचा आकडा उगाच खाली येईल.

शिवाय, केवढ्या आवाजाला त्रास व्हायला लागतो ती पातळी मोजून घ्या. आतल्या कानाची हानी झालेल्यांत एक विचित्र प्रकार असतो: हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जरा आवाज चढवला की "ओरडतेस कशाला?" मधली जागाच अरुंद झालेली असते. मशीनची वरची मर्यादा या आकड्यावर बसवतात. ती बसवली नाही तर कुकरच्या शिट्टीला माणूस मशीन काढून फेकतो. मधल्या कानाचा दाब पाहणारी इम्पीडन्स चाचणी दोन मिनिटांची आहे, तीही होऊ द्या. तिचा 'ए' प्रकार म्हणजे दाब ठीक, 'बी' म्हणजे बहुधा पडद्यामागे पाणी किंवा पडद्याला भोक, 'सी' म्हणजे आत दाब कमी.

काही लक्षणांत मात्र ऑडिओलॉजिस्टच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. कानातून पाणी किंवा पू, दुखणं, चक्कर, एकाच कानात गुणगुण, किंवा दोन कानांत १५ डेसिबलहून अधिक फरक. अशा फरकाला कधी कधी एमआरआय सांगतात. नसेवरची गाठ नाही ना हे पाहायचं असतं, घाबरून जायचं कारण नाही. आणि एखाद्या दिवशी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. या दुखण्यावरची स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत दिली तरच नीट लागू पडतात. दोन आठवडे वाट पाहण्यात ती संधी जाते. आबांच्या दोन कानांत ५ डेसिबलचा फरक आहे, तेव्हा ही चिंता सध्या नाही.

आता मोफतचं. 'सरकारी मशीन' म्हणून लोक जे म्हणतात त्यात निदान तीन वेगळ्या योजना मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे.

पहिली, दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्राची अ‍ॅडिप योजना. तिला किमान ४० टक्क्यांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारा' म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यांत दोन्ही कानांची हानी ६० ते ७० डेसिबल. आबा ५४ आणि ५९ वर आहेत. नव्या चाचणीत आकडे फारसे बदलले नाहीत तर प्रमाणपत्र मिळणं कठीण, म्हणून प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, वैद्यकीय बोर्डाची तारीख, चार हेलपाटे यांत आत्ता शिरू नका. ज्या वाचकांच्या घरी दोन्ही कान ६० च्या पुढे आहेत त्यांनी मात्र युडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) अवश्य काढावं. अ‍ॅडिपमध्ये मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. एकदा घेतलं की मोठ्यांना ३ वर्षं पुन्हा मागता येत नाही.

दुसरी, राष्ट्रीय वयोश्री योजना, १ एप्रिल २०१७ पासूनची. तुमच्या प्रभागात नावं लिहून घेतली ती बहुधा हिच्यासाठी. वय ६० च्या वर आणि दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका किंवा मासिक उत्पन्न १५,००० च्या आत. दिव्यांग प्रमाणपत्राची अट नाही. आधार, फोटो, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. दाखल्यावर आबांचं स्वतःचं उत्पन्न धरणार की कुटुंबाचं, हे नोंदणी करणाऱ्याला आधीच विचारा. तुमच्या घरात सगळा फरक त्यावरच पडणार आहे. कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी साधनं पुरवते. एक शिबिर तपासणीचं, दुसरं वाटपाचं, आणि मध्ये काही महिने जाऊ शकतात. पहिल्या वर्षाची दुरुस्ती मोफत असते, ती पावती जपा.

तिसरी, राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ ची. हिच्यात मशीन मिळत नाही. ६५ वर्षांपुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, साधन घ्यायला ३,००० रुपये एकरकमी बँक खात्यात येतात. तुमच्या यजमानांच्या पगारामुळे तुम्ही बसणार नाही असं दिसतं.

या तिघींखेरीज एक दार पत्रातल्या मजकुरावरून सुचतंय. भोसरीच्या कंपनीत आबांचा ईएसआय (कामगार विमा) कापला जात होता का? निवृत्त होताना किमान ५ वर्षं विमाधारक असलेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. जुनं कार्ड शोधा आणि ईएसआय रुग्णालयाच्या कान विभागात श्रवणयंत्राचं विचारा. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून मशीनचा खर्च मिळतो. तज्ज्ञाची शिफारस आणि ऑडिओग्राम जोडून आधी परवानगी काढायची, नंतर खरेदी. उलट क्रमाने गेलेले लोक बिलं घेऊन फिरत बसतात.

शिबिरात मिळणारं मशीन बहुधा कानामागे बसणारं डिजिटल असतं. ते टाकाऊ नसतं. ताकद पुरेशी, मोठा सेल, कवच दणकट. खटकतं ते दुसरीकडे. रांगेत पन्नास माणसं असताना प्रत्येकाचा ऑडिओग्राम लावून सेटिंग करायला वेळ नसतो, आणि कानात घालायचा रबरी तुकडा सरसकट एकाच मापाचा देतात. आबांसारख्या उताराच्या आलेखाला यात दोन अडचणी येतात. त्यांना जाड आवाज बरे ऐकू येतात; ते मशीनने आणखी वाढवले की भांड्यांचा खणखणाट होतो, पण 'स' काही येत नाही. आणि कान पूर्ण बुजला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, चावणंसुद्धा मोठ्याने ऐकू येतं. मग मशीन कपाटात जातं आणि घरात म्हणतात, "फुकटचं होतं, असंच निघालं." पण यंत्र बहुतेक वेळा ठीकच असतं, त्याचं सेटिंग झालेलं नसतं.

म्हणून शिबिराचं मशीन हाती आलं तर ते घेऊन एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि स्वखर्चाने दोन गोष्टी करून घ्या. कानाचा साचा काढून आबांच्या मापाचा मोल्ड बनवणे, त्यात हवेसाठी छोटं भोक ठेवून. हजाराच्या आसपास खर्च, आठ-दहा दिवस लागतात. आणि त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे प्रोग्रॅमिंग. प्रत्येक मशीन प्रत्येकाकडे उघडत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर आणि केबल लागते, म्हणून जाण्याआधी फोनवर मॉडेल सांगून विचारा. एवढं केलेलं फुकटचं मशीन हे सेटिंग न करता विकलेल्या लाखाच्या मशीनपेक्षा चांगलं चालतं, यात आम्हाला शंका नाही. शिबिरात एकच मिळालं तर ज्या कानाचा शब्दांचा आकडा चांगला आला त्या कानाला लावा.

खासगीत घ्यायचं ठरलं तर १ लाख ७० हजारांची आबांना गरज आहे असं वाटत नाही. दिवस घरात, संध्याकाळी कट्ट्यावर चार मित्र, कधी लग्नकार्य, फोन. एवढ्याला ६-८ चॅनेलचं (जाड-बारीक आवाज तितक्या पट्ट्यांत वेगवेगळे जुळवता येणारं), पुढून येणारा आवाज वेगळा पकडणारं आणि शिट्टी दाबणारं साधं डिजिटल मशीन पुरतं. एका कानाचं साधारण १५ ते ३० हजारांत येतं. वरचे पैसे मुख्यतः गोंगाटातल्या बोलण्यासाठी, ब्लूटूथसाठी आणि लहान दिसण्यासाठी जातात. आबा रोज मीटिंगा घेत असते तर सल्ला वेगळा असता. आणि एका कानाला भारी मशीन लावण्यापेक्षा दोन कानांना मध्यम बरं. आवाज कुठून आला हे दोन कानांशिवाय कळत नाही आणि रस्ता ओलांडताना त्याचा उपयोग होतो.

प्रकार निवडताना आबांची बोटं आणि डोळे पाहा. कानाच्या आत जाणारं इवलंसं मशीन दिसत नाही हे खरं, पण त्याचा १० नंबरचा सेल ज्वारीच्या दाण्याएवढा, तीन ते सात दिवसांत संपणारा. बोटं थरथरत असतील, मोतीबिंदू असेल तर तो बदलणं जमत नाही. कानामागचं मशीन, १३ नंबरच्या नारिंगी पट्टीच्या सेलवर चालणारं किंवा चार्जिंगचं, हे बरं. कानामागचं बारीक तारेचं मॉडेल आबांच्या उताराला छान बसतं, कारण त्यात कान मोकळा राहतो. मात्र त्याचा स्पीकर कानाच्या आत असतो आणि मळाने खराब होतो. कान सारखा मळत असेल तर नळीवालं, म्हणजे आवाज नळीतून कानात पोचवणारं, घ्या. चार्जिंगवाल्याची बॅटरी चार-पाच वर्षांनी उतरते, ती बदलायला किती पडतील तेही आत्ताच विचारून ठेवा.

दुकानदाराकडून लेखी घ्यायचं ते असं: कंपनी आणि मॉडेलचं पूर्ण नाव, वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात स्पीकर धरला आहे का, पुढची सेटिंग किती वेळा मोफत, मोल्ड किमतीत आहे का, ट्रायल किती दिवसांची आणि परत केल्यास किती रक्कम कापणार. हेच मॉडेल दुसऱ्या दोन ठिकाणी विचारा. छापील किमतीवरची सूट जागोजागी वेगळी असते. मशीन त्याच साखळीच्या दुकानांत उघडणारं असेल तर उद्या ते दुकान बंद झाल्यावर तुमची पंचाईत होईल, तेही विचारा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. कोटेशनमध्ये लावला असेल तर बोट ठेवा. आणि लावल्यानंतर कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष पडद्याजवळचा आवाज मोजतात का, निदान मशीन घालून पुन्हा चाचणी घेतात का? "कसं वाटतंय, आजोबा?" एवढ्यावर भागवणाऱ्याला पैसे देऊ नका.

ट्रायल घरीच हवी. दुकानाच्या शांत खोलीत सगळीच मशीनं छान वाटतात. घरी आणल्यावर दोन मीटरवर उभं राहून, ओठ कागदाने झाकून, नेहमीच्या आवाजात दहा शब्द म्हणा, साठ-आठ, सात-हात असे. मशीन घालून किती, न घालता किती, हे लिहून ठेवा. मग मिक्सर लावून तेच. फोनवर तेच. ही वही पुढच्या सेटिंगला न्या. "नीट नाही" या तक्रारीवर ऑडिओलॉजिस्टला काहीच करता येत नाही, "ताटं वाजली की त्रास होतो" यावर येतं.

पहिला आठवडा रोज दोन तास, शांत घरात, एकाच माणसाशी बोलताना. मग हळूहळू दिवसभर. वर्तमानपत्राची सळसळ, पंखा, स्वतःची पावलं हे सगळं वर्षांनंतर ऐकू येऊ लागतं आणि आबा कावतील. मेंदूला सवय व्हायला चार ते सहा आठवडे जातात. चांगले ऑडिओलॉजिस्ट म्हणूनच सुरुवातीला आवाज थोडा कमी ठेवतात आणि पहिल्या तीन महिन्यांत तीन-चारदा बोलावून वाढवतात. या फेऱ्या चुकवू नका.

सेलचं: पट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग आत घालायचा, हवा लागल्यावर तो पूर्ण ताकदीने चालतो. ६ सेलचं पाकीट साधारण १५० ते ३०० रुपयांना, दोन कानांना महिन्याला जवळपास एक. रात्री सेलचं दार उघडं ठेवा. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत मशीन रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत गेलंच पाहिजे. पावसाळ्यातले निम्मे बिघाड नुसत्या ओलीचे. मोल्ड रोज कोरड्या फडक्याने पुसा, नळी पिवळी आणि कडक झाली की बदला, साधारण चार-सहा महिन्यांनी. शिट्टी वाजायला लागली तर आधी मोल्ड नीट बसलाय का आणि कानात मळ आहे का पाहा, आवाज कमी करणं हा शेवटचा उपाय. अंघोळ, डोक्याला तेल, दाढी ही सगळी कामं मशीन काढून.

दिरांनी मागवलेल्या १,५०० रुपयांच्या वस्तूबद्दल थोडक्यात. ते श्रवणयंत्र नसून आवाज मोठा करणारी डबी आहे. सगळे आवाज सारखेच वाढवते, आबांना ज्यांची गरज नाही ते जाड आवाजही, आणि अशा डब्यांत वरच्या मर्यादेची खात्री नसते. जोराचा आवाज थेट कानात गेला तर उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं. खोकं फोडलं नसेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत पाठवा.